छातीतील जळजळ आणि घशाशी येणारे आंबट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांची सुरुवात "मला ॲसिडिटी आहे, काय करावे?" अशी आहे. हा पत्रलेखकांनी स्वतःच काढलेला निष्कर्ष झाला. उत्तर देणाऱ्याला हवी असते ती तक्रार. जळजळ नेमकी कोठे होते, ती वर सरकते की एकाच जागी राहते, जेवणानंतर किती वेळाने सुरू होते, आडवे झाल्यावर वाढते की जिना चढताना वाढते, हे फार थोड्या जणांनी कळवले आहे. जठरातील आम्ल अन्ननलिकेत उलटे येण्याचा त्रास, म्हणजेच ॲसिड रिफ्लक्स, मुख्यतः याच तपशिलांवरून ओळखला जातो. त्यामुळे ज्या पत्रांत असे तपशील होते ती पत्रे उत्तरासाठी निवडली आहेत. उत्तर कितीही सविस्तर असले तरी ती तपासणी नव्हे, एवढे ध्यानात ठेवून ती वाचावीत.

प्रश्न : माझे वय 38 वर्षे आहे. रात्रीच्या जेवणानंतर तासाभरात छातीच्या मधोमध जळजळ सुरू होते आणि ती गळ्याकडे चढते. जेवून उठल्यावर बुटाची नाडी बांधण्यासाठी वाकलो की घशाशी आंबट, कधी कडवट पाणी येते. दिवसा पोट फुगते आणि सारखे ढेकर येतात. हे सगळे रिफ्लक्समुळेच होते का?

उत्तर : आपल्या पत्रातील पहिली दोन लक्षणे रिफ्लक्सची अगदी ठळक लक्षणे आहेत. पोट फुगणे आणि ढेकर यांविषयी मात्र तसे म्हणता येणार नाही.

अन्ननलिका ही सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी असून, जठराला मिळते तेथे तिच्या टोकाशी तीन-चार सेंटिमीटरचा आवळून राहणारा स्नायू असतो. घास खाली जाताना तो सैल पडतो आणि एरवी मिटलेला असतो. जेवणानंतर जठर ताणले गेले की आत साठलेली हवा बाहेर पडावी म्हणून हा स्नायू मधूनमधून, काहीही गिळलेले नसतानाही, काही सेकंद सैल होतो आणि त्या वेळी हवेबरोबर थोडे आम्लही वर येऊ शकते. हे निरोगी माणसातही रोज घडते आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आम्ल वारंवार वर येऊ लागले, वर आलेले आम्ल लवकर खाली गेले नाही किंवा जठराचा वरचा भाग श्वासपटलातील, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूंच्या पडद्यातील, छिद्रातून छातीकडे सरकलेला असला, म्हणजे हायटस हर्निया असला, की त्रास सुरू होतो. जठराच्या आतील आवरणाला आम्लापासून जसे संरक्षण असते तसे अन्ननलिकेच्या आवरणाला नसते. म्हणून जे आम्ल जठरात निमूटपणे राहते तेच वर आले की जाळते.

ही जळजळ छातीच्या मधल्या हाडामागे होते, खालून वर चढते आणि बहुधा जेवणानंतर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांपर्यंत जाणवते. पोटभर, विशेषतः तेलकट-तुपकट खाल्ल्यावर ती वाढते, कारण स्निग्ध पदार्थांमुळे जठर सावकाश रिकामे होते. वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर घशाशी येणे ही खूण तर फारच बोलकी आहे, कारण त्या स्थितीत आम्लाला खाली ठेवण्यास गुरुत्वाकर्षणाची मदत उरत नाही. येथे एक फरक पाहावा. रिफ्लक्समध्ये आंबट पाणी किंवा अन्नाचा अंश मळमळ न होता आणि पोटाला जोर न पडता आपोआप वर येतो. उलटीच्या आधी मळमळ होते आणि पोटाचे स्नायू आकसतात. डॉक्टरांना "उलटी होते" असे सांगितल्यास तपासाची दिशाच बदलू शकते, म्हणून प्रत्यक्षात काय होते ते नेमके सांगावे.

आता ढेकर आणि पोटफुगीविषयी. भराभर जेवताना, बोलत बोलत खाताना किंवा फसफसणारी पेये पिताना पुष्कळ हवा गिळली जाते आणि तीच ढेकरांच्या रूपाने परत येते. जळजळ नाही, आंबट येत नाही आणि केवळ ढेकर आहेत, अशा वेळी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. दुखणे छातीत नसून बेंबीच्या वर, पोटाच्या वरच्या भागात असेल तर जठराची सूज किंवा व्रण यांचा विचार करावा लागतो. उजव्या बरगडीखाली एकसारखे, अर्धा तास ते काही तास टिकणारे आणि पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाणारे दुखणे पित्ताशयातील खड्यांचे असू शकते. तेही जड जेवणानंतर येते, म्हणून त्याची रिफ्लक्सशी नेहमी गल्लत होते.

एखाद्या मेजवानीनंतर जळजळ झाली तर तिला आजार म्हणत नाहीत. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या मॉन्ट्रियल व्याख्येनुसार सौम्य लक्षणे आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस, अथवा मध्यम ते तीव्र लक्षणे आठवड्यातून एकाहून अधिक दिवस होत असतील, तर तो त्रास दखल घेण्याजोगा मानला जातो. आपला त्रास रोजचा आहे, तेव्हा डॉक्टरांना भेटावे. तोवर रात्रीचे जेवण थोडे कमी करावे आणि जेवण व झोप यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. वजन अलीकडे वाढले असेल तर ते उतरवण्याचा लाभ इतर कोणत्याही पथ्यापेक्षा अधिक होतो. वर्ज्य पदार्थांच्या लांबलचक याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. कॉफी, चॉकलेट, पुदिना, आंबट फळे, कांदा, मद्य यांपैकी एखादी गोष्ट एकाला बाधते आणि दुसऱ्याला मुळीच बाधत नाही. आपल्याला जे बाधते ते सोडावे आणि बाकीचे खुशाल खावे.

प्रश्न : रात्री दोनच्या सुमारास एकाएकी तोंड पाण्याने भरून येते, ठसका लागतो आणि मी उठून बसते. ते पाणी आंबट नसते, खारट असते. यजमान म्हणतात, हा दमा आहे. दंतवैद्यांनी समोरचे दात मागच्या बाजूने झिजल्याचे सांगितले आणि "पोटाचा त्रास आहे का?" असे विचारले. दातांचा आणि पोटाचा काय संबंध?

उत्तर : आपल्या दंतवैद्यांनी योग्य प्रश्न विचारला. आंबट पदार्थ किंवा पेये यांच्यामुळे होणारी झीज बहुधा दातांच्या पुढच्या बाजूवर दिसते. आम्ल घशातून वर येत असेल तर वरच्या समोरच्या दातांची जिभेकडील बाजू आधी झिजते, गुळगुळीत होते आणि पातळ दिसू लागते. छातीत जळजळ नसतानाही केवळ दातांवरून रिफ्लक्सची शंका घेतली जाते, ती यामुळेच.

तोंड खारट पाण्याने भरून येणे हेही रिफ्लक्सचे लक्षण असू शकते. हे पाणी पोटातून आलेले नसून ती लाळच असते. अन्ननलिकेला आम्लाचा स्पर्श झाला की लाळग्रंथींना आपोआप संदेश जातो आणि त्या एकदम भरपूर लाळ सोडतात, कारण लाळेमुळे आम्लाचा जोर कमी होतो. आपण "आंबट नसते, खारट असते" असे लिहिले आहे. एवढ्या बारकाव्यामुळे या लाळेत आणि घशाशी येणाऱ्या आम्लात फरक करता आला.

रात्रीचा रिफ्लक्स दिवसापेक्षा अधिक अपाय करतो. झोपेत आपण फारसे गिळत नाही, लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे वर आलेले आम्ल बराच वेळ अन्ननलिकेतच राहते. कधी त्याचा अंश स्वरयंत्रापर्यंत पोहोचून ठसका लागतो. यजमानांचे म्हणणेही सर्वस्वी चूक मानता येत नाही. दमा आणि रिफ्लक्स पुष्कळदा एकाच व्यक्तीत आढळतात, म्हणून छातीतून सूं-सूं आवाज येत असेल किंवा धाप लागत असेल तर फुप्फुसांची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी.

पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचे ठोकळे ठेवावेत किंवा पाठीपासून उतार देणारी पाचरीच्या आकाराची गादी वापरावी. उशांची चळत उपयोगाची नाही, कारण तिने केवळ मान वाकते आणि पोट अधिकच दाबले जाते. डाव्या कुशीवर झोपल्यास जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहते, म्हणून बहुतेकांना डावी कूस मानवते. आणखी एक गोष्ट दातांसाठी : तोंडात आंबट आल्यावर लगेच दात घासू नयेत. आम्लाने मऊ झालेले आवरण घासले जाऊन अधिक झिजते. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास थांबावे.

प्रश्न : माझे वय 56 असून मला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. दोन आठवड्यांपासून चढावर चालताना किंवा जिना चढताना छातीत जळजळल्यासारखे होते, डावा जबडा अवघडतो आणि थोडा वेळ थांबले की बरे वाटते. ॲन्टासिडचे दोन चमचे घेतले की आराम पडतो, त्यामुळे घरातील सर्वांचे मत ही ॲसिडिटी आहे असे झाले आहे. ईसीजी काढावा का?

उत्तर : आपण हे उत्तर छापून येण्याची वाट पाहिली नसेल अशी आशा आहे. पत्र मिळताच आपल्याला स्वतंत्रपणे कळवले होते. येथे ते छापले आहे ते अशाच समजुतीत असलेल्या इतरांसाठी.

श्रमाने येणारी आणि विश्रांतीने जाणारी छातीतील संवेदना, मग तिला जळजळ म्हणा, दडपण म्हणा किंवा आवळल्यासारखे वाटणे म्हणा, हृदयाची नाही हे सिद्ध होईपर्यंत हृदयाचीच मानावी. जबडा अवघडणे आणि मधुमेह या दोन गोष्टींनी ती शंका आणखी बळावते. रिफ्लक्सची जळजळ जेवणाशी आणि शरीराच्या स्थितीशी बांधलेली असते, जिन्याच्या पायऱ्यांशी नाही. वाकून व्यायाम करताना किंवा पोटभर जेवून धावताना काहींना रिफ्लक्स होतो हे खरे आहे, परंतु तो निष्कर्ष हृदय तपासून झाल्यावर काढायचा असतो.

ॲन्टासिडने बरे वाटले, हा पुरावा तर मुळीच धरू नये. आपण औषध घेण्यासाठी थांबता, बसता, आणि तेवढ्या विश्रांतीनेच हृदयाचे दुखणे ओसरते. श्रेय मात्र औषधाला मिळते. उलट बाजूनेही हीच फसगत होते. जिभेखाली ठेवण्याच्या नायट्रेटच्या गोळीने अन्ननलिकेची उबळही शमते, म्हणून त्या गोळीने आराम पडला की दुखणे हृदयाचेच, असेही म्हणता येत नाही. हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदना वाहून नेणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यात जवळपास एकाच पातळीवर पोहोचतात; त्यामुळे अनुभवी डॉक्टरांनाही केवळ वर्णनावरून कित्येकदा सांगता येत नाही आणि तपासण्या कराव्या लागतात.

ईसीजी जरूर काढावा, परंतु विश्रांतीच्या वेळी काढलेला एक ईसीजी निर्दोष आला म्हणून निर्धास्त होऊ नये. दोन आठवड्यांत नव्याने सुरू झालेले असे दुखणे अस्थिर समजले जाते आणि त्यासाठी हृदयरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जाणे योग्य असते. बसलेल्या जागी दुखणे सुरू झाले, दहा-पंधरा मिनिटांत थांबले नाही, घाम फुटला, धाप लागली, हातात, पाठीत किंवा जबड्यात कळ गेली, तर स्वतः वाहन न चालवता रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकाराचा झटका छातीत ठणकल्याशिवायही येतो. पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता, मळमळ आणि गळून गेल्यासारखे वाटणे एवढ्यावरच तो आलेला असतो, आणि नेमक्या याच रुग्णांना घरचे लोक "पित्त झाले असेल, पडून राहा" असे सांगतात.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. सहा महिन्यांपासून आवाज बसतो, सारखे खाकरावे लागते आणि घशात गोळा अडकल्यासारखा वाटतो. जेवताना मात्र घास व्यवस्थित उतरतो. छातीत जळजळ कधीच होत नाही. दुर्बिणीने घसा पाहून "घसा लाल आहे, ॲसिडमुळे आहे" असे सांगण्यात आले. जळजळ नसताना ॲसिड कसे?

उत्तर : असे होऊ शकते. स्वरयंत्राचे आवरण अन्ननलिकेहून अधिक नाजूक असते आणि छातीत जळजळ होण्याइतके आम्ल वर आले नाही तरी स्वरयंत्राला त्याचा उपद्रव होऊ शकतो. तरीही आपल्या शंकेत तथ्य आहे. घशाची लाली ही रिफ्लक्सची खात्रीची खूण नव्हे. दिवसभर मोठ्याने बोलणे, धूम्रपान, ॲलर्जी, नाकातून मागे उतरणारा शेंबूड आणि खुद्द सततचे खाकरणे यांनीही घसा तसाच लाल दिसतो. शिक्षक, गायक, विक्रेते यांच्यात आवाजाचा ताण हे कारण आधी पाहावे, असे माझे मत आहे.

अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे की, केवळ घशाच्या तक्रारी असून जळजळ किंवा घशाशी येणे नसेल, तर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या सुरू करण्याआधी रिफ्लक्स खरोखर आहे का हे तपासावे. ही तपासणी म्हणजे नाकातून अन्ननलिकेत सोडलेली बारीक नळी चोवीस तास ठेवून किंवा अन्ननलिकेच्या भिंतीला छोटी कुपी चिकटवून केलेली आम्लाची नोंद होय. पीएच हे आम्लता मोजण्याचे माप असून आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र असते. अन्ननलिकेतील पीएच 4 च्या खाली असण्याचा काळ एकूण काळाच्या 4 टक्क्यांहून कमी असेल तर तो सामान्य आणि 6 टक्क्यांहून अधिक असेल तर निश्चितपणे वाढलेला समजतात. मधल्या पट्ट्यात इतर पुरावे पाहावे लागतात.

गोळा अडकल्याची भावना जेवताना नाहीशी होते आणि रिकामा आवंढा गिळताना जाणवते, हे आपले निरीक्षण दिलासा देणारे आहे, कारण खऱ्या अडथळ्यात याच्या उलट घडते. खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घेण्याची सवय लावावी. आवाज तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्वरतंतू प्रत्यक्ष पाहणे आवश्यक असते. आपले ते झाले आहे. आता वाचा-उपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि आम्लाच्या नोंदीविषयी पोटविकारतज्ज्ञांशी बोलावे.

प्रश्न : माझा नातू साडेतीन महिन्यांचा आहे. प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर थोडे दूध ओठांवाटे बाहेर येते. बाळ हसते-खेळते आणि वजनही वाढते आहे, परंतु सून घाबरून गेली आहे. औषध द्यावे का?

उत्तर : औषधाची गरज नाही. या वयात अन्ननलिकेच्या टोकाचा स्नायू पुरेसा तयार झालेला नसतो, आहार पातळ असतो आणि बाळ बहुतेक वेळ आडवे असते. दूध बाहेर येण्याचे प्रमाण साधारणपणे चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि वर्ष-दीड वर्षापर्यंत ते आपोआप थांबते. वजन वाढते आहे, हे सूनबाईंना पुन्हा पुन्हा सांगावे. पाजल्यानंतर ढेकर काढावा आणि थोडा वेळ बाळाला उभे धरावे. झोपवताना मात्र सपाट गादीवर उताणेच झोपवावे, उशी किंवा उतार देऊ नये. उलटी हिरव्या रंगाची झाली, दूध जोराने दूरवर फेकले गेले, त्यात रक्त दिसले, पोट फुगले, बाळ पिण्यास नकार देऊ लागले किंवा वजन वाढायचे थांबले, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे, आणि हिरव्या उलटीच्या बाबतीत तर एक तासही थांबू नये.

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. यापूर्वी कधीही नसलेली जळजळ आता रोज होते. बाळाला अपाय होईल का?

उत्तर : जळजळीने बाळाला अपाय होत नाही. गर्भारपणात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिकेच्या टोकाचा स्नायू सैल पडतो आणि पुढे वाढत्या गर्भाशयाचा दाब जठरावर येतो. बाळंतपणानंतर हा त्रास बहुधा पूर्णपणे जातो. थोडे थोडे आणि अनेकदा खावे, डाव्या कुशीवर झोपावे आणि औषध स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावे; खाण्याचा सोडा नेहमी घेणे टाळावे, कारण त्यातून शरीरात सोडियम जाते. मात्र गर्भारपणाच्या उत्तरार्धात पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागले आणि जोडीला डोके दुखणे, डोळ्यांपुढे चमकणे किंवा चेहऱ्यावर सूज असेल, तर ती जळजळ समजू नये. तो वाढलेल्या रक्तदाबाचा गंभीर विकार असू शकतो आणि त्याच दिवशी रक्तदाब व लघवी तपासणे आवश्यक असते.

प्रश्न : एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, काहीही आढळले नाही. पॅन्टोप्राझोल महिनाभर घेतले, तरी जळजळ निम्मीच कमी झाली. आता "मनाचा त्रास आहे" असे ऐकावे लागते. खरोखर तसे असेल का?

उत्तर : एंडोस्कोपीत दोष न दिसणे याचा अर्थ रिफ्लक्स नाही, असा होत नाही. रिफ्लक्सची लक्षणे असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या अन्ननलिकेत डोळ्यांना दिसेल अशी इजा नसतेच. त्यातही तपासणीपूर्वी गोळ्या चालू असतील तर असलेली इजा भरून येते आणि नोंदीतून निसटते. म्हणून निदानासाठी एंडोस्कोपी करायची असेल तर डॉक्टरांच्या संमतीने दोन ते चार आठवडे आधी या गोळ्या थांबवतात.

आपण गोळी केव्हा घेता, हे लिहिलेले नाही. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या जठरातील आम्ल तयार करणाऱ्या पंपांवर काम करतात आणि ते पंप जेवणाने जागे होतात. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. जळजळ सुरू झाल्यावर किंवा झोपताना रिकाम्या पोटी घेतलेली गोळी अर्धीमुर्धी वाया जाते. "औषध लागू पडत नाही" अशा तक्रारींपैकी पुष्कळशा केवळ वेळ बदलल्याने मिटतात. पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात आणि नेहमीचा कालावधी आठ आठवड्यांचा असतो, तेव्हा महिन्यात निराश होण्याचे कारण नाही.

वेळ पाळूनही त्रास राहिला तर वर सांगितलेली आम्लाची नोंद करावी. काहींच्या अन्ननलिकेला सामान्य प्रमाणातील आम्लही जाळते, तर काहींना आम्लाशी संबंध नसलेली जळजळ होते. या दोन्ही प्रकारांत मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढलेली असते आणि त्यांवर वेगळी औषधे असतात. काळजी आणि अपुरी झोप यांनी ही संवेदनशीलता वाढते हे खरे, पण म्हणून त्रास काल्पनिक ठरत नाही. तसे सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

प्रश्न : मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू आहे. काल रात्री झोपण्यापूर्वी कॅप्सूल घेतली आणि सकाळपासून प्रत्येक घोटाला छातीत चिरल्यासारखे दुखते. एकदम एवढा रिफ्लक्स कसा झाला?

उत्तर : हा बहुधा रिफ्लक्स नाही. थोड्याशा पाण्याबरोबर कॅप्सूल घेऊन लगेच आडवे झाल्यास ती अन्ननलिकेत चिकटून तेथेच विरघळते आणि व्रण पडतो. डॉक्सिसायक्लिन, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिले जाणारे ॲलेन्ड्रोनेट, पोटॅशियम आणि वेदनाशामक गोळ्या यांच्याबाबतीत हे विशेष घडते. एकाएकी सुरू झालेले आणि गिळताना होणारे दुखणे ही त्याची खूण होय. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच कळवावे. बहुधा ते औषध बदलतील आणि व्रण काही दिवसांत भरून येईल. पुढे कोणतीही गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभे राहून घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 67 आहे. त्यांना वीस वर्षे जळजळीचा त्रास होता. गेल्या काही महिन्यांत तो आपोआप गेला, म्हणून ते खुशीत आहेत. मात्र आता पोळी किंवा भात छातीत अडकतो, वर पाणी प्यावे लागते आणि कपडेही सैल होऊ लागले आहेत. वयोमानाने असे होते का?

उत्तर : याला वयोमान म्हणू नये. जळजळ गेली म्हणजे आजार बरा झाला, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु बरीच वर्षे आम्ल लागून अन्ननलिकेच्या खालच्या भागाचे आवरण बदलते आणि त्या बदललेल्या आवरणाला आम्ल पूर्वीसारखे झोंबत नाही. या बदलाला बॅरेट्स ईसोफेगस म्हणतात. तो झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, परंतु काही थोड्यांमध्ये होतो. त्याखेरीज जुन्या व्रणाच्या वणाने नळी अरुंद होऊनही घास अडकतो आणि तसे असेल तर नळी रुंद करून पुष्कळ आराम मिळतो. दोहोंपैकी काय आहे, हे एंडोस्कोपीशिवाय आणि आवश्यक तेथे तुकडा तपासल्याशिवाय सांगता येत नाही. केवळ घन पदार्थ अडकत होते आणि आता पातळ पदार्थही अडकू लागले, असा क्रम असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, रक्तक्षय आणि न थांबणाऱ्या उलट्या, यांपैकी एक जरी असेल तरी गोळ्या देऊन वाट पाहत बसायचे नसते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेव्हा वडील त्या घेत असतील तर तेही सांगावे. त्यांना यांपैकी पहिली दोन लक्षणे आहेत, म्हणून याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांची वेळ घ्यावी. तोपर्यंत मऊ, ओलसर अन्न बारीक घासांनी, सरळ बसून आणि सावकाश खाण्यास सांगावे. घास अडकून लाळही गिळता येईनाशी झाली, तर वरून पाणी पाजून तो ढकलण्याचा प्रयत्न करू नये आणि त्यांना तसेच तातडीच्या विभागात न्यावे.